नारळपाण्यावर वाढणारं कापड

लिचीच्या थंड पेयात दाताखाली करकरणारे पांढरट चौकोनी तुकडे असतात. बहुतेक जण ते कोवळं खोबरं समजून चावतात. प्रत्यक्षात ते सेल्युलोज असतं, रासायनिकदृष्ट्या आपल्या सुती सदऱ्यात असतं तेच. फरक एवढाच की ते कापसाच्या बोंडात न तयार होता जिवाणूंनी तयार केलेलं असतं. फिलिपिन्समध्ये १९४९ साली ते नारळपाण्यावर वाढवायला सुरुवात झाली आणि ‘नाता दे कोको’ या नावानं ते जगभर पोचलं. वांद्र्याच्या कॅफेत महागड्या बाटलीतून मिळणाऱ्या कोंबुचावर, म्हणजे आंबवलेल्या चहावर, जिवाणू आणि यीस्टची जी ‘स्कोबी’ नावाची चकती तरंगते, तिचाही सांगाडा हाच.

व्हिनेगरवर धरणाऱ्या अशा पडद्याची १८८६ साली एड्रियन ब्राउन या इंग्रज रसायनशास्त्रज्ञानं तपासणी केली आणि तो सेल्युलोजचा असल्याचं दाखवलं. त्या जिवाणूचं आजचं नाव कोमागाटाईबॅक्टर झायलिनस. (मधल्या काळात हे नाव इतक्यांदा बदललंय की जुने शोधनिबंध वाचताना आपण एकाच जिवाबद्दल वाचतोय ना, अशी शंका येते.)

त्याची काम करण्याची तऱ्हा बघण्यासारखी आहे. पेशीच्या अंगावर एका ओळीत सूक्ष्म छिद्रं असतात. आत ग्लुकोजचे रेणू एकापुढे एक जोडले जातात आणि प्रत्येक छिद्रातून एक बारीक तंतू बाहेर पडतो. शेजारशेजारचे तंतू बाहेर येता येता एकमेकांना चिकटून एक फीत होते. तिची रुंदी साधारण १०० नॅनोमीटरच्या आत, म्हणजे कापसाच्या धाग्याच्या शंभराव्या भागाहूनही कमी. एक पेशी तासाला सुमारे १० कोटी ग्लुकोजचे रेणू अशा तऱ्हेनं विणू शकते. जिवाणूला प्राणवायू लागतो, म्हणून हा सगळा उद्योग द्रवाच्या पृष्ठभागावरच चालतो. दुधावर साय धरावी तसा थर धरतो, नवा थर वर येत जातो आणि जुना खाली सरकतो. भांडं हलवलं की सलग पडदा मिळत नाही, गुठळ्या होतात.

लाकडातलं सेल्युलोज लिग्निन आणि हेमिसेल्युलोज या लाकडातल्याच इतर घटकांमध्ये अडकलेलं असतं. ते सोडवायला कागद कारखान्यांना रसायनं, उष्णता आणि भरपूर पाणी खर्चावं लागतं. जिवाणूंच्या सेल्युलोजमध्ये ही भेसळच नसते. सौम्य कॉस्टिक सोड्याच्या गरम पाण्यात ठेवलं की जिवाणूंचे अवशेष निघून जातात आणि दुधाळ पारदर्शक पडदा उरतो. आपल्या माटुंग्यातल्या केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेत, म्हणजे ‘सिरकॉट’मध्ये, २०१५ साली नॅनोसेल्युलोजचा प्रायोगिक कारखाना उभा राहिला. तिथे कापसाचे तंतू फोडत फोडत नॅनो आकारापर्यंत नेतात. जिवाणू उलट दिशेनं, साखरेच्या रेणूपासून वर येतो.

मुंबईत या जिवाणूला एक गोष्ट फुकट मिळते. त्याला २८ ते ३० अंश तापमान मानवतं, आणि ते इथे वर्षातले बरेच महिने खोलीतच असतं. थंड देशांत त्यासाठी वीज जाळावी लागते. नाता करताना पक्क्या नारळाचं पाणी घेतात, त्यात साखर घालतात आणि थोडं व्हिनेगर टाकून आंबटपणा वाढवतात, म्हणजे परक्या जंतूंचं फावत नाही. मग आधीच्या घाण्यातलं विरजण घालून ट्रे कापडानं झाकून ठेवून देतात. आठ-दहा दिवसांत बोटभर जाडीचा थर येतो. हातात घेतला तर गार आणि बुळबुळीत लागतो. दाबला की पाणी टपटप गळतं, पण पडदा फाटत नाही. वजनातलं सुमारे ९९ टक्के पाणीच असतं. वाळवला की तोच थर कागदाएवढा पातळ होतो.

आणि घोडं इथेच अडतं. वर्तमानपत्रांत या पदार्थाचा गवगवा होतो तो ‘शाकाहारी चामडं’ म्हणून. वाळलेला पडदा दिसतो चामड्यासारखा खरा, पण त्याचं पाण्याचं वेड जात नाही. जुलैत दादर स्टेशनबाहेर अशी पर्स घेऊन उभं राहा, ती पाणी पिऊन मऊ पडेल. मुळात पावसाळ्यात ती इथे नीट वाळणंच कठीण, त्याआधी बुरशी धरायची. उपाय म्हणून वर पॉलियुरेथेनचा लेप दिला की पाणी थांबतं, पण मग मातीत कुजणाऱ्या पदार्थावर आपण प्लास्टिक चढवलेलं असतं. असा माल पर्यावरणस्नेही म्हणून विकणं मला पटत नाही. केरळमधल्या ‘मलाई’ कंपनीनं निदान वाट वेगळी धरली आहे. तिथे वाया जाणाऱ्या नारळपाण्यावर सेल्युलोज वाढवून त्यात केळीच्या खोडासारखे नैसर्गिक तंतू, डिंक आणि राळ मिसळून पत्रे करतात.

मला विचाराल तर या पदार्थाची खरी जागा जिथे ओल हवी तिथे आहे. भाजलेल्या जखमेवर ओला पडदा ठेवला की तो जखम कोरडी पडू देत नाही, हवा जाऊ देतो आणि जाळी इतकी बारीक की बाहेरच्या जंतूंना आत वाट नसते. शिवाय पट्टी न उचलता आतली जखम दिसते, आणि बदलताना नवी कातडी ओरबाडली जात नाही. ब्राझीलमध्ये १९८०च्या दशकापासून अशा पट्ट्या वापरात आहेत. चेहऱ्यावर लावायच्या ‘बायोसेल्युलोज’ मास्कमागेही हाच गुण आहे. कोरड्या अवस्थेत त्याचं एकच देखणं काम मला माहीत आहे: १९८९ साली सोनीनं आपल्या एमडीआर-आर१० हेडफोनमधला आवाजासाठी कंप पावणारा पडदा यापासून केला, कारण तो हलका असूनही ताठ राहतो.

मग हे सगळीकडे का दिसत नाही? उत्पादन कमी पडतं म्हणून. लिटरभर द्रवातून कोरडा माल निघतो तो काही ग्रॅमच. घातलेल्या साखरेतली बरीचशी ग्लुकॉनिक आम्लात वाया जाते आणि त्या आम्लानं पुढची वाढही मंदावते. त्यामुळे साखर विकत घेऊन केलेला माल कापसाशी किमतीत टक्कर देऊ शकत नाही. फुकटातला गोड कचरा मिळाला तर गणित बदलतं. केरळात खोबऱ्याच्या कारखान्यात नारळपाणी एका जागी मिळतं. मुंबईतही ते कमी नाही, पण ते फुटतं देवळांच्या पायऱ्यांवर, वडीवाल्यांच्या मोरीत आणि घराघरांतल्या सिंकमध्ये, आणि काही तासांत आंबतं. एवढ्या ठिकाणांहून ते आंबायच्या आत गोळा करणं हे प्रयोगशाळेचं काम नाही, टेम्पोवाल्याचं आहे. ज्यूस सेंटरवर साचणारी अननसाची सालं त्या मानानं सोपी: ती एका जागी पडतात, त्यांत साखर असते, आणि त्यांच्या रसावरही हा जिवाणू वाढतो.