चहातली शाई आणि पोटातलं लोखंड

ठाण्याहून वाशीकडे जाणाऱ्या सकाळच्या गाडीत वहिनीला रोज ठरल्या जागी मळमळायचं. दिघा गेलं की पोटात ढवळायला लागायचं, रबाळ्याला तोंडाला पाणी सुटायचं, आणि घणसोलीला उतरून महापेच्या रिक्षात बसेपर्यंत छातीच्या खाली आग पडलेली असायची. हिमोग्लोबिन कमी आलं म्हणून डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या होत्या, आणि ती सकाळच्या चहाबरोबर गोळी घेऊन निघायची. पंधरा दिवसांत तिने त्या बंद केल्या. "भावजी, मला नाही सोसत त्या. उष्ण पडतात."

नौपाड्यापासून नेरूळपर्यंत कुठल्याही औषधाच्या दुकानात थोडा वेळ उभं राहा, हे वाक्य कानावर येईलच. मला ते चुकीचं वाटत नाही, अपुरं वाटतं. जळजळ खरी असते. ती कुठून येते हे कळलं की गोळी न सोडताही तिच्यातून बरीचशी सुटका होते, आणि ते कळणं गरजेचं आहे, कारण २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के भारतीय स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या होत्या. गोळी अर्ध्यावर टाकून देणं आपल्याला परवडणारं नाही.

आधी हिशोब पाहू. आपलं शरीर एरवी अन्नातून दिवसाला जेमतेम १ ते २ मिलिग्रॅम लोह रक्तात घेतं. गोळीत ६० किंवा १०० मिलिग्रॅम लोह असतं. पाकिटावरचा आकडा वाचताना इथे एक गफलत होते. फेरस सल्फेट या लोहाच्या क्षाराची गोळी २०० मिलिग्रॅमची असली, तरी तिच्यातलं प्रत्यक्ष लोह सुमारे ६५ मिलिग्रॅमच असतं. उरलेलं वजन क्षाराच्या दुसऱ्या भागाचं. तरीही ६५ मिलिग्रॅम म्हणजे रोजच्या मानाने डोंगरच. त्यातला पाचवा-सहावा हिस्सा आत गेला तरी खूप झालं. बाकीचं लोह आतड्यातून पुढे सरकत राहतं. त्यामुळे कुणाला बद्धकोष्ठ होतो, कुणाला जुलाब.

वरच्या जळजळीचं कारण मात्र त्याआधीच, जठरात घडतं. फेरस सल्फेट म्हणजे आपल्या जुन्या ओळखीचं हिराकस. रिकाम्या पोटात अर्ध्या कप चहाबरोबर ढकललेली गोळी जठराच्या एखाद्या घडीला चिकटून बसते आणि तिथल्या तिथे विरघळते. मग आतल्या नाजूक अस्तराच्या नखाएवढ्या जागेवर लोहाचं कडक द्रावण साचतं. दोन धनभारांचं लोह ऑक्सिजनच्या संगतीत सहज तीन धनभारांचं होतं, आणि या खटाटोपात अतिशय तापट रेणू तयार होतात. हायड्रोजन पेरॉक्साइडबरोबर लोह असं वागतं, हे हेन्री फेंटन या रसायनशास्त्रज्ञाने १८९४ मध्येच नोंदवलं होतं. अस्तर सोलवटतं. दुर्बीण घालून पाहिलं तर काही रुग्णांच्या जठरात लोहाचे तपकिरी कणही दिसतात.

आता चहा. हिराकस आणि हिरडा एकत्र केला की काळी शाई होते, हे पूर्वी पोथ्या लिहिणाऱ्यांना आणि कापड रंगवणाऱ्यांना ठाऊक होतं. हिरड्यातली टॅनिनं लोहाला धरतात आणि काळाभोर रंग उतरतो. चहातही त्याच जातीची द्रव्यं असतात. मी घरी कोऱ्या चहाच्या ग्लासात फेरस सल्फेटची एक गोळी कुटून टाकली. काही मिनिटांत चहा काळपट जांभळा झाला. वहिनीने तो ग्लास बघितला आणि विचारलं, "म्हणजे मी रोज सकाळी शाई पिते?" थोडक्यात, हो. टॅनिनाने जखडलेलं लोह आतड्याला उचलता येत नाही. जळजळ पुरेपूर आणि फायदा तुटपुंजा, असा हा सौदा. म्हणून गोळी आणि चहा-कॉफी यांच्यात एक-दोन तासांचं अंतर ठेवायला सांगतात. लिंबाचा रस उलट मदत करतो, कारण त्यातलं क जीवनसत्त्व लोहाला शोषता येईल अशा रूपात राखतं.

मग रोज दोन गोळ्या घेऊन तूट भरून काढावी का? इथे यकृत आडवं येतं. लोहाचा मोठा डोस पोटात गेला की यकृत हेप्सिडिन नावाचं संप्रेरक सोडतं. आतड्याच्या पेशींतून रक्तात लोह सोडणारं दार हे संप्रेरक लावून घेतं, आणि ते दार जवळपास दिवसभर लागलेलं राहतं. त्या पेशीही काही दिवसांत गळून पडतात, सोबत त्यांच्यातलं लोहही जातं. झुरिकच्या संशोधकांनी लोहाचा साठा कमी असलेल्या तरुण स्त्रियांवर २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, रोज गोळी घेणाऱ्यांनी दिलेल्या लोहाच्या सुमारे १६ टक्के लोह शोषलं. एक दिवसाआड घेणाऱ्यांनी सुमारे २२ टक्के. शरीराने नाकारलेली दुसरी गोळी पोटाला तेवढा त्रास देऊन जाते. अर्थात हा बदल आपल्या मनाने करायचा नाही. गरोदरपणात सरकारी कार्यक्रमात ६० मिलिग्रॅम लोहाची लाल गोळी रोजच असते, आणि रक्त फारच कमी असेल तर डॉक्टरांचा हिशोब वेगळा असतो.

गोळी जेवणानंतर घेतली तर जळजळ कमी होते, पण शोषणही कमी होतं. तरी माझं मत विचाराल तर, न घेतलेल्या गोळीपेक्षा जेवणानंतर घेतलेली गोळी केव्हाही बरी. जठरात न विरघळता पुढे जाऊन फुटणाऱ्या गोळ्या मिळतात, त्या पोटाला सौम्य पडतात. मात्र लोह शोषणारा भाग आतड्याच्या अगदी सुरुवातीला असतो, आणि काही वेळा गोळी तो टप्पा मागे टाकून मगच उघडते.

बाकीच्या खनिजांच्या तऱ्हा निराळ्या. जस्त तर मळमळीसाठी प्रसिद्धच आहे. झिंक सल्फेट एकेकाळी मुद्दाम उलटी करवण्यासाठी द्यायचे. कोविडच्या काळात अनेकांनी ते अनशापोटी घेतलं आणि बेसिन गाठलं. दोन घास खाऊन घेतलं की बहुधा निभावतं. कॅल्शियम कार्बोनेट म्हणजे खडू-शिंपल्यांच्या जातीचं द्रव्य. जठरातल्या आम्लात ते फसफसतं, कार्बन डायऑक्साइड निघतो, म्हणून ढेकर आणि पोटफुगी. विरघळायला आम्ल लागतं, तेव्हा ते जेवणाबरोबर घ्यावं, आणि लोहाच्या गोळीसोबत तर नकोच, कारण कॅल्शियम लोहाचं शोषण अडवतं. मॅग्नेशियम आतड्यात पाणी ओढून धरतं. त्याचं पुढे काय होतं हे मिल्क ऑफ मॅग्नेशिया घेतलेल्यांना सांगायला नको.

एक सवय सगळ्याच गोळ्यांना लागू आहे. रात्री दिवा मालवताना घोटभर पाण्याने गोळी गिळून लगेच आडवं होऊ नये. ती अन्ननलिकेतच अडकते आणि तिथे जखम करते. पेलाभर पाणी प्यावं आणि अर्धा तास तरी बसून राहावं.

लोह चालू असताना शौच काळी होते, त्याने घाबरू नये. डांबरासारखी चिकट, उग्र वासाची काळी शौच, रक्ताची उलटी किंवा पोटात सतत कळ असेल तर मात्र गोळीला दोष देत बसू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा. आणि या गोळ्या मुलांच्या हाताला लागू देऊ नका. लाल, चकचकीत, गोड आवरणाच्या. लहान मूल त्या खाऊ समजतं. १०० मिलिग्रॅम लोहाच्या सहा गोळ्या १० किलो वजनाच्या बाळाला गंभीर विषबाधा करू शकतात.

वहिनीच्या डॉक्टरांनी क्षार बदलला, डोस कमी केला आणि वेळ हलवली. आता तिची गोळी दुपारच्या डब्यानंतर दोन तासांनी, लिंबूपाण्याबरोबर, महापेच्या ऑफिसात. सुरुवातीचे चार दिवस पोटात थोडं गुरगुरलं, मग थांबलं. सकाळच्या गाडीआधीचा चहा तिने सोडलेला नाही. फक्त त्या चहात आता शाई होत नाही.