विभाजित श्रमबाजार

एकाच कामासाठी दोन वंशगटांच्या कामगारांना वेगवेगळी मजुरी पडते, अशा बाजाराला विभाजित श्रमबाजार म्हणतात. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ एडना बोनॅसिच यांनी १९७२ मध्ये ही संकल्पना मांडली. वांशिक वैराचे मूळ कातडीच्या रंगात न शोधता मजुरीच्या तफावतीत शोधावे, हे त्यांचे म्हणणे. यात पक्ष तीन: मालक, चढ्या दराचा कामगार आणि कमी दरात राबणारा कामगार. मालकाला स्वस्त मजूर हवा असतो. चढ्या दराच्या कामगाराला पोटावर पाय येण्याची धास्ती असते. म्हणून तो स्वस्त मजुराला देशाबाहेर ठेवू पाहतो, नाहीतर हलक्या कामांना जखडून टाकतो.

अमेरिकेतील वायोमिंगमधल्या रॉक स्प्रिंग्ज येथे हे फार भीषण रूपात दिसले. तिथल्या युनियन पॅसिफिक रेल्वेच्या कोळसाखाणींत १८७५ मध्ये संप झाला आणि तो मोडायला कंपनीने चिनी मजूर आणले. पुढची दहा वर्षे गोरे आणि चिनी शेजारी-शेजारी कोळसा काढत राहिले. मजुरी टनावर मिळे, त्यामुळे खाणीतली कोणती जागा कोणाच्या वाट्याला येते यावर कमाई ठरे. २ सप्टेंबर १८८५ रोजी सहा क्रमांकाच्या खाणीत अशाच एका जागेवरून हाणामारी झाली. त्याच दुपारी सशस्त्र जमावाने चिनी वस्ती पेटवली. किमान २८ चिनी कामगार मारले गेले. शिक्षा कोणालाही झाली नाही. हल्लेखोरांपैकी अनेकजण स्वतः युरोपातून पोटासाठी आलेले होते. दर ठरवणाऱ्या कंपनीऐवजी त्यांचा राग शेजारच्या मजुरावर निघाला, हे या घटनेतले सर्वांत क्लेशकारक सत्य आहे. आठवड्याभरात लष्कराच्या पहाऱ्यात चिनी कामगारांना परत आणून कंपनीने खाणी सुरू केल्या.

चिनी मजुरांना प्रवेशबंदी करणारा कायदा त्याआधीच, १८८२ मध्ये झाला होता. तो १९४३ मध्ये रद्द झाला.

ही मांडणी सगळीकडे लागू पडत नाही. १९६० च्या दशकात मुंबईत ‘मार्मिक’ साप्ताहिकाने कार्यालयांतील दाक्षिणात्यांच्या नावांच्या याद्या छापल्या, तेव्हा प्रश्न स्वस्त मजुरीचा नव्हता. भांडण कारकुनाच्या आणि टंकलेखकाच्या खुर्चीसाठी, बरोबरीच्या शिकलेल्यांत होते. अशा ठिकाणी समाजशास्त्रज्ञ सूझन ओल्झॅक यांची स्पर्धेची मांडणी जास्त पटते: वेगवेगळ्या धंद्यांत असलेले गट एकाच नोकरीच्या रांगेत आले, की त्यांच्यातला संघर्ष वाढतो.