धरणापासून अणुभट्टीपर्यंत : अर्जेंटिना-ब्राझील वैराचा उतार

पराना नदीवर इताइपू धरण बांधण्याचा करार ब्राझील आणि पॅराग्वे यांनी १९७३ मध्ये केला, तेव्हा नदीच्या खालच्या अंगाला असलेल्या अर्जेंटिनात एक धास्ती उघडपणे बोलून दाखवली जात होती : युद्धाच्या वेळी ब्राझीलने पाणी सोडले, तर ब्युनोस आयर्स बुडेल. या धास्तीची मुळे जुनी होती. आजच्या उरुग्वेच्या प्रदेशावरून अर्जेंटिना आणि ब्राझील यांच्यात १८२५ ते १८२८ असे युद्ध झाले होते आणि त्यानंतरही दीर्घकाळ दोन्ही सैन्यांच्या आराखड्यांत संभाव्य शत्रू म्हणून समोरचाच असे. त्यात अणुकार्यक्रमांची भर पडली. अण्वस्त्रप्रसारबंदी करार पक्षपाती आहे, असे म्हणत दोघांनीही, भारताप्रमाणेच, त्यावर सही नाकारली होती. त्यामुळे एकाची अणुभट्टी दुसऱ्याच्या डोळ्यांत खुपणे साहजिकच होते.

हे वैर लोकशाहीमुळे निवळले, असे सर्रास म्हटले जाते. ते अर्धेच खरे आहे. नदीच्या पाण्याचा तंटा ऑक्टोबर १९७९ मध्ये त्रिपक्षीय कराराने मिटला, तेव्हा तिन्ही देशांत लष्करी राजवटीच होत्या. पुढच्या मे महिन्यात ब्राझीलचे अध्यक्ष, जनरल फिगेइरेदो, ब्युनोस आयर्सला गेले आणि अणुसहकार्याचा पहिला करार झाला. नोव्हेंबर १९८३ मध्ये अर्जेंटिनाने युरेनियम समृद्धीकरण, म्हणजे अणुइंधनासाठी आणि पुढे अण्वस्त्रांसाठीही लागणारी प्रक्रिया, साधल्याचे जाहीर केले, पण ती बातमी फिगेइरेदो यांना आधीच कळवण्यात आली होती.

अर्जेंटिनाचे आल्फोन्सिन आणि ब्राझीलचे सार्ने या मुलकी अध्यक्षांनी ही रीत पक्की केली. नोव्हेंबर १९८५ मध्ये फोज दो इग्वासू येथे त्यांनी अणुधोरणावर संयुक्त घोषणापत्र काढले. पुढे जुलै १९८७ मध्ये, जो प्रकल्प जगापासून लपवून उभारला होता, त्याच पॅटागोनियातील पिल्कानियेऊच्या समृद्धीकरण कारखान्यात आल्फोन्सिन सार्ने यांना घेऊन गेले. एप्रिल १९८८ मध्ये सार्ने यांनी त्यांना आपल्या नौदलाचे ‘आरामार’ नावाचे अणुकेंद्र दाखवले. सप्टेंबर १९९० मध्ये ब्राझीलचे अध्यक्ष कोलोर यांनी आपल्या देशातील काशिंबो येथे अणुचाचणीसाठी खणलेली खोल विहीर बुजवण्याचा जाहीर सोहळाच केला.

जुलै १९९१ मध्ये ग्वादालाहारा येथे झालेल्या कराराने अणुकेंद्रांवर नजर ठेवणारी दोघांची संयुक्त तपासणी संस्था स्थापन झाली. तिचे कार्यालय रिओ दि जानेरोत आहे. अर्जेंटिनातील केंद्रे ब्राझीलचे निरीक्षक तपासतात आणि ब्राझीलमधील केंद्रे अर्जेंटिनाचे. ज्या प्रसारबंदी कराराला दोघांचा विरोध होता, त्यात अर्जेंटिना १९९५ मध्ये आणि ब्राझील १९९८ मध्ये, म्हणजे शेजाऱ्याला दारे उघडून दिल्यावर काही वर्षांनी, सामील झाला.