अर्धस्वयंचलित रिमफायर रायफल : निगा व दोषनिवारण

ज्या काडतुसाचे प्रस्फोटक द्रव्य बुडाच्या कडेत आतून पसरलेले असते व टोचणी (फायरिंग पिन) त्या कडेवर आपटून ते पेटते, त्यास रिमफायर काडतूस म्हणतात. असे काडतूस वापरणारी, चाप ओढला की एकच बार काढणारी आणि पुढचे काडतूस आपोआप चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या टोकाशी काडतूस बसते त्या जागेत) चढवणारी रायफल ती अर्धस्वयंचलित रिमफायर रायफल होय. या प्रकारात सर्वांत प्रचलित काडतूस .२२ लाँग रायफल (सुमारे .२२ इंच व्यासाच्या गोळीचे) हे असून ते १८८० च्या दशकापासून वापरात आहे. मार्लिन मॉडेल ६० (१९६०) व रूगर १०/२२ (१९६४) या अमेरिकी रायफली त्याच काडतुसावर चालतात.

भारतात अर्धस्वयंचलित शस्त्रांवरील निर्बंध कडक असल्यामुळे विदर्भाच्या खेड्यांत अशी रायफल क्वचितच, बहुधा जुन्या परवान्यावर, आढळते. गावाकडच्या बहुतेक तरुणांना .२२ ची पहिली ओळख होते ती एनसीसीच्या शिबिरातील बोल्ट ॲक्शन रायफलीने, म्हणजे चेंबर मागून बंद करणारा सरकता दट्ट्या (बोल्ट) हाताने मागेपुढे करावा लागतो अशा रायफलीने. त्या रायफलीत प्रत्येक काडतूस हाताने चढवावे लागत असल्याने मळ साचला तरी हाताचा जोर काम भागवतो. अर्धस्वयंचलित रायफलीत तो जोर नसतो आणि तिच्या निगेचे वेगळेपण यातूनच येते.

रचना व मळाचे मूळ : या रायफलीतील बोल्ट बाराच्या क्षणी कुलूपबंद नसतो. केवळ त्याचे वजन आणि मागची स्प्रिंग त्याला धरून ठेवतात. बार झाला की वायूच्या दाबाने पुंगळी (काडतुसाचे धातूचे कवच) मागे रेटली जाते, तिच्यासोबत बोल्ट मागे सरकतो, पुंगळी बाहेर फेकली जाते आणि परतताना बोल्ट मॅगझिनमधील (काडतुसे भरून ठेवण्याच्या कप्प्यातील) पुढचे काडतूस उचलतो. हे सारे सुमारे २.६ ग्रॅम वजनाच्या गोळीमागील चिमूटभर दारूच्या बळावर घडत असल्याने वाटेत थोडाही अडथळा आला तरी चक्र अपुरे राहते. शिवाय .२२ ची गोळी पुंगळीच्याच जाडीची, बहुधा उघड्या शिशाची असून तिच्यावर बाहेरून मेण किंवा वंगण लावलेले असते. या मेणाला धूळ चिकटते. काळ्या मातीच्या शेतात उन्हाळ्यात उडणारी बारीक माती, कापूस वेचणीच्या दिवसांतील रुईचे तंतू, सदऱ्याच्या खिशातील कचरा असे सर्व काही सुटी काडतुसे खिशात टाकल्यास त्यांच्यासोबत चेंबरमध्ये जाते. म्हणून काडतुसे त्यांच्या डबीतच ठेवावीत. सगळ्या निगेत सर्वांत स्वस्त व सर्वांत गुणकारी खबरदारी हीच आहे.

साफसफाई : प्रथम मॅगझिन काढावे, नंतर बोल्ट दोन-तीन वेळा मागे ओढून चेंबर डोळ्यांनी व बोटाने तपासावे. मॅगझिन काढले म्हणजे रायफल रिकामी झाली हा समज जीवघेणा आहे, कारण एक काडतूस चेंबरमध्ये राहू शकते. सफाई चालू असताना काडतुसे त्या खोलीतही ठेवू नयेत.

नळीपेक्षा चेंबर, बोल्टचा दर्शनी भाग आणि पुंगळी ओढणाऱ्या आकड्याची (एक्स्ट्रॅक्टरची) खाच यांकडे अधिक लक्ष द्यावे लागते. आकड्याखाली साचलेला शिसे-मेणाचा कडक थर टोकदार लाकडी काडीने निघतो, तर चेंबरसाठी पितळी वा कांस्य तारांचा लहान ब्रश पुरतो. शिशाच्या गोळीची नळी वारंवार घासण्याची गरज नसते. अतिसफाईने, विशेषतः नळीच्या तोंडाशी गज (सफाईची सळई) घासला गेल्याने, नेमबाजीतील अचूकता कायमची बिघडते. रूगर १०/२२ सारख्या रायफलींची मागची बाजू बंद असल्याने गज तोंडाकडूनच घालावा लागतो. अशा वेळी एनसीसीत शिकवतात तसा दोरीचा पुल-थ्रू चेंबरकडून ओढणे अधिक सुरक्षित असते.

तेलाबाबत गावात चालणाऱ्या काही सवयी तपासून पाहण्याजोग्या आहेत. रॉकेल मळ सोडवते, पण ते उडून गेल्यावर पोलादावर संरक्षक थर उरत नाही. त्यामुळे रॉकेलने पुसल्यावर कोरड्या चिंधीने टिपून शस्त्रासाठीचे तेल लावणे आवश्यक असते. जवसाचे तेल विदर्भात घरोघरी असते व लाकडी दस्त्याला ते उत्तमच, कारण हवेत ते वाळून कठीण पापुद्रा धरते. नेमक्या याच गुणामुळे ते बोल्टमध्ये किंवा टोचणीच्या खोबणीत कधीही घालू नये. शेंगदाण्याचे वा खोबरेल तेलही कालांतराने चिकट होते. शिवणयंत्राचे पातळ तेल नाइलाजास चालते. मेच्या उष्म्यात, पारा ४५ अंशांवर असताना, जास्तीचे तेल वाहून धुळीचा लगदा करते. त्यामुळे त्या दिवसांत ते बोटाला जेमतेम लागेल इतकेच असावे, आणि पावसाळ्यात मात्र बाहेरच्या पोलादावर थर थोडा अधिक ठेवावा.

दोष ओळखणे : रायफल अडली की बहुतेक जण प्रथम यंत्रणेवर संशय घेतात. अनुभवी माणूस प्रथम पुंगळी उचलून पाहतो. न उडालेल्या काडतुसाच्या कडेवर टोचणीचा ठसा खोल व स्पष्ट असेल, तर दोष बहुधा काडतुसाचा असतो. कडेत प्रस्फोटक सर्वत्र सारखे पसरलेले नसेल, तर ठसा नेमका रिकाम्या जागी पडतो. ठसा उथळ असेल, तर टोचणीच्या खोबणीतील मळ, थकलेली स्प्रिंग किंवा चेंबरमधील थरामुळे पूर्ण न मिटलेला बोल्ट यांपैकी एक कारण असते. पुंगळी चेंबरमध्येच अडकली व तिची कड आकड्याने ओरबाडलेली दिसली, तर चेंबर घाण आहे. त्याच चेंबरमध्ये पूर्वी .२२ शॉर्ट ही आखूड काडतुसे पुष्कळ वापरली गेली असतील, तर त्यांच्या तोंडाशी साचलेले किंवा झिजलेले कडे लाँग रायफलची पुंगळी पकडून ठेवते. पुंगळी निघाली पण बोल्ट व चेंबर यांच्यामध्ये उभी अडकली, तर बोल्ट पुरता मागे गेलेला नाही : काडतूस कमजोर, तेल घट्ट, किंवा सरकण्याच्या वाटेत मळ. काडतूस वर चढताना गोळीचे नाक ठेचले जात असेल, तर मॅगझिनचे ओठ (काडतूस धरून ठेवणाऱ्या वरच्या कडा) वाकले आहेत का ते पाहावे. दुसरे मॅगझिन लावल्यावर दोष नाहीसा झाला, तर शोध तिथेच संपतो.

चाप ओढूनही बार न झाल्यास रायफलीचे तोंड लक्ष्याकडेच ठेवून किमान ३० सेकंद थांबावे, कारण काडतूस उशिरा पेटू शकते. आवाज फुसका आला, तर पुढचा बार मुळीच काढू नये. रायफल रिकामी करून गोळी नळीत अडकली नाही ना हे गज घालून पाहावे, कारण अडकलेल्या गोळीमागे दुसरी गेल्यास नळी फुगते वा फाटते. एकदा चाप ओढून दोन बार झाले, तर वापर तत्काळ थांबवून रायफल परवानाधारक कारागिराकडे न्यावी. काडतुसाविना चाप ओढण्याची सवयही टाळावी. अनेक .२२ रायफलींत टोचणी थेट चेंबरच्या काठावर आदळून खाच पाडते आणि मग पुंगळ्या अडू लागतात.

दुरुस्तीची मर्यादा : शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ५ नुसार बंदुकीच्या दुरुस्तीच्या धंद्यास परवाना लागतो आणि कलम ६ नुसार परवान्याविना नळी आखूड करता येत नाही. सफाई मालकाने करावी, परंतु चापाच्या यंत्रणेला कानस लावणे किंवा स्प्रिंग कापणे गावातील लोहारावरही सोपवू नये. जाता जाता सांगावेसे वाटते की, रानडुक्कर व रोही (नीलगाय) यांच्या उपद्रवाने रात्र-रात्र जागल करणाऱ्या शेतकऱ्याची व्यथा खरी असली, तरी .२२ ची गोळी त्या आकाराच्या जनावराला केवळ जखमी करते. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ ची बंधने तर वेगळीच आहेत.

साठवण : मातीची भिंत पावसाळ्यात ओल धरते, म्हणून रायफल खुंटीला टांगू नये. कापडी खोळ, चामडी म्यान किंवा गोणपाट हेही दमट हवा कोंडून ठेवतात. कुलूपबंद लाकडी वा लोखंडी पेटीत, भिंतीपासून दूर, सिलिका जेलच्या पुड्यांसह ती ठेवावी आणि जून ते सप्टेंबरमध्ये दर पंधरवड्याला पुसावी. घामाच्या हाताचे ठसेही एका पावसाळ्यात गंज धरतात.

निवडणुकीच्या आचारसंहितेत परवान्याची शस्त्रे पोलीस ठाण्यात जमा करावी लागू शकतात आणि तेथे ती काही आठवडे ज्या स्थितीत दिली त्याच स्थितीत पडून राहतात. जमा करण्यापूर्वी नळीत आतून व बाहेरून जाडसर तेलाचा किंवा ग्रीसचा थर द्यावा. परत मिळाल्यावर तो थर नळीतून व चेंबरमधून पूर्ण पुसून काढल्याशिवाय एकही बार काढू नये.