त्रात्तोरिया

त्रात्तोरिया : इटलीतील लहान, बहुधा एकाच कुटुंबाने चालवलेली खानावळ. ‘त्रात्तोरे’ म्हणजे खानावळवाला. त्याची ती त्रात्तोरिया. हा शब्द इटालियनमध्ये फ्रेंच ‘त्रेतर’वरून आला. ओस्तेरिया हे मुळात दारू पिण्याचे ठिकाण. खाणे तिथे दुय्यम. रिस्तोरान्ते अधिक औपचारिक आणि महागडे. हल्ली ही वाटणी कागदावरच उरली आहे, कारण बरीच महागडी उपाहारगृहेही हौसेने स्वतःला ओस्तेरिया म्हणवून घेतात. त्यामुळे पाटीपेक्षा मेनूची लांबी पाहावी. चार-पाच पास्ते, तेवढेच मांसाचे पदार्थ आणि फळ्यावर खडूने लिहिलेले आजचे दोन-तीन प्रकार एवढाच मेनू असेल, तर आत माणसे मोजकी आहेत आणि बाजारातून आलेले त्याच दिवशी रांधले जाते, असा अंदाज करायला हरकत नाही. रोममध्ये गुरुवारी न्योक्की (बटाट्याचे छोटे उकडलेले गोळे), शुक्रवारी मासे आणि शनिवारी त्रिप्पा (गाईच्या जठराचा रस्सा) हा जुना वारक्रम काही ठिकाणी आजही पाळतात.

जेवणाचे टप्पे ठरलेले असतात : आन्तिपास्तो (सुरुवातीचे खाणे), प्रीमो (पास्ता, रिझोत्तो किंवा सूप), सेकोन्दो (मांस किंवा मासे), कोन्तोर्नो (भाजी) आणि दोल्चे (गोड). सगळे टप्पे घेतलेच पाहिजेत असे नाही. प्रीमो आणि एक कोन्तोर्नो एवढ्यावर उठणारे कितीतरी असतात. नवख्याची फसगत सेकोन्दोला होते. ताटलीत मांसाचा तुकडा तेवढा येतो. भाजी किंवा बटाटे हवे असतील तर कोन्तोर्नो वेगळा मागवावा लागतो आणि त्याचे पैसेही वेगळे पडतात.

स्वयंपाकघरात एक किंवा दोनच माणसे असतात, ही गोष्ट ध्यानात ठेवली की बाकीच्या रीती आपोआप उलगडतात. रोमचा काचो ए पेपे हा पास्ता घ्या. माणशी साधारण १०० ग्रॅम पास्ता, ५० ग्रॅम पेकोरिनो चीज आणि काळे मिरे, बस्स. मिरे जाडसर कुटून कोरडेच भाजतात आणि त्यावर पास्त्याचे पाणी पळीभर ओततात. पास्ता पुरता शिजायच्या दोनेक मिनिटे आधी काढून याच तव्यात शिजवत आणतात. बारीक किसलेले पेकोरिनो किंचित निवलेल्या पास्त्याच्या पाण्यात कालवून लापशीसारखे करतात. मग तवा विस्तवावरून उतरवून, अर्धा मिनिट थांबून, ते त्यात घालून भराभर ढवळतात. तवा कढत असला तर चीजमधली प्रथिने आकसतात, तूप सुटते आणि चिमट्याला रबरासारख्या गुठळ्या चिकटतात. पास्ता भांडेभर पाण्यात उकडला असेल तर पाण्यात पिठूळपणा कमी उतरतो आणि सॉस धरत नाही. पेकोरिनो मुळातच खारट असल्याने पाण्यात मीठ बेताने घालतात. तयार ताटली चार मिनिटे तशीच राहिली की सॉस थिजतो. म्हणून हा पदार्थ एका वेळी दोन-तीन ताटल्यांपुरताच करतात. सहा जणांच्या टेबलाने सहा वेगळे पास्ते मागितले, तर कोणाचा तरी गार होणारच. दोन प्रकारांवर एकमत केलेले बरे. रिझोत्तोला कच्च्या तांदळापासून १८ ते २० मिनिटे सतत उभे राहावे लागते. तो बहुतेक ठिकाणी ‘किमान दोघांसाठी’ अशा अटीवर मिळतो, तो याच कारणाने.

घरची वाइन सुरईतून येते : पाव लिटर (क्वार्तीनो), अर्धा किंवा एक लिटर. पाणी बाटलीचे, साधे की बुडबुड्यांचे, हे आधीच विचारतात. पाव मागे लागून आणवावा लागत नाही, पण त्याबरोबर लोणी येत नाही. तो सेकोन्दोबरोबर खायचा आणि शेवटी ताटलीतला रस्सा पुसायला वापरायचा. या पुसण्याला ‘स्कार्पेत्ता’, म्हणजे छोटा जोडा, म्हणतात. शिष्टाचाराची पुस्तके याला नाक मुरडतात, पण अशा खानावळीत स्वयंपाकिणीला त्याचा आनंदच होतो. माशांच्या पास्त्यावर चीज मागणे आणि जेवणानंतर कापुचिनो घेणे मात्र खटकते. जेवणानंतर एस्प्रेसो, तीही गोडानंतर, गोडाबरोबर नव्हे.

बिलात ‘कोपेर्तो’ ही माणशी ठरावीक रक्कम दिसते, साधारण १ ते ३ युरो. पाव, टेबलावरचे कापड आणि मांडामांड यांची ती आकारणी असून मेनूत छापलेली असते. रोम ज्यात येते त्या लात्सिओ प्रदेशाने २००६ साली ती कायद्याने बंद केली. म्हणून रोममध्ये त्याऐवजी ‘पाने’, म्हणजे पावाचे पैसे, दिसतात. ‘सेर्वित्सिओ’ ही सेवेची टक्केवारी वेगळी; ती सगळीकडे नसते. बक्षिशी सक्तीची नाही. बिलाचा खरा धक्का माशामुळे बसतो, कारण अख्ख्या माशाचा दर ‘एत्तो’ला, म्हणजे १०० ग्रॅमला लिहितात. ६ युरो एत्तो वाचून स्वस्त वाटते, पण ६०० ग्रॅमचा मासा ३६ युरोंना पडतो. फ्लॉरेन्सच्या हाडासकट बिस्तेक्कालाही (गोमांसाचा भाजलेला जाड तुकडा) हेच लागू. तो किलोभराचा असतो आणि दोघांत वाटून घ्यायचा असतो. शिजवण्याआधी वजन विचारावे, त्यात कोणाला गैर वाटत नाही. पदार्थापुढे बारीक तारा दिसला तर माल गोठवलेला आहे असे समजावे.

बिल मागितल्याशिवाय येत नाही. न मागता आणून ठेवणे म्हणजे पाहुण्याला उठ म्हणणे, म्हणून हाक मारून ‘इल कोन्तो, पेर फावोरे’ म्हणायचे. दुपारचे जेवण साधारण साडेबारा ते अडीच आणि रात्रीचे साडेसातनंतर मिळते. मधल्या वेळात स्वयंपाकघर बंद असते. तेव्हा घरची मंडळी स्वतः जेवतात. आठवड्यातून एक दिवस सुट्टी असते. ऑगस्टच्या मध्यावर, फेर्रागोस्तो या सणाच्या (१५ ऑगस्ट) आगेमागे, कित्येक ठिकाणी दोन-तीन आठवडे दाराला ‘सुट्टीसाठी बंद’ असा हाताने लिहिलेला कागद चिकटवलेला असतो; त्या दिवसांत आधी फोन करून जावे.