पीएसयू केबल बदलणं आणि स्लीव्हिंग

कॉम्प्युटरच्या पॉवर सप्लायच्या, म्हणजे पीएसयूच्या, मूळ केबल्स काढून दुसऱ्या लावणं किंवा एकेका वायरीवर विणलेली रंगीत नळी चढवणं, या दोन्हीला पीसी बिल्डवाले सरसकट केबल मॉडिंग म्हणतात. काचेच्या बाजूचे कॅबिनेट आले आणि आतला वायरींचा गुंता सगळ्यांना दिसायला लागला तसा हा शौक वाढला. दिसायला सजावटीचं काम आहे पण एक वायर चुकीच्या भोकात गेली तर हार्ड डिस्कपासून मदरबोर्डपर्यंत काहीही उडू शकतं.

इंटेलने १९९५ मध्ये एटीएक्स हे पीसीच्या मदरबोर्ड आणि पीएसयूचं स्टँडर्ड आणलं तेव्हापासून मदरबोर्डकडची बाजू ठरलेली आहे. आधी २० पिन होत्या, नंतर २४ झाल्या, पण पिवळी १२ व्होल्ट, लाल ५, नारिंगी ३.३, काळी ग्राउंड, हिरवी पीसी चालू करणारी, जांभळी स्टँडबाय (पीसी बंद असतानाही चालू राहणारी), हे तसंच राहिलं. मॉड्युलर, म्हणजे केबल सुट्या काढता येणाऱ्या, पीएसयूच्या स्वतःच्या बाजूला मात्र, जिथे आपण केबल खोचतो, तिथे कुठलंच स्टँडर्ड नाही. प्लास्टिकचा कनेक्टर तोच, केबल आरामात आत जाते, क्लिक पण होते आणि एका कंपनीने जिथे ५ व्होल्ट दिलेत तिथे दुसरीने १२ दिलेले असतात. अशी उसनी सॅटा केबल, म्हणजे डिस्कला वीज देणारी, लावली की डिस्क गेली आणि डेटा पण गेला. एकाच कंपनीच्या दोन मॉडेलमध्येही हा फरक असतो, म्हणून तर कॉर्सेअर केबलवर टाइप ४, टाइप ५ असं छापते. ठाण्यात काय किंवा वाशी-नेरूळला काय, सेकंडहँड पीएसयू घेताना ‘केबल एवढ्याच आहेत, बाकीच्या कुठल्याही चालतील’ असं कोणी म्हणालं तर सरळ नाही म्हणायचं.

सीपीयूचा आणि ग्राफिक्स कार्डचा ८ पिन कनेक्टर हाही असाच फसवा. सीपीयूच्यात क्लिपच्या बाजूला चारही वायरी १२ व्होल्टच्या, ग्राफिक्सच्यात क्लिपच्या बाजूला ग्राउंड. भोकांचे आकार वेगळे ठेवलेत, पण जोर लावून घुसवणारे असतातच.

सामानासाठी इकडची मंडळी अजूनही मुंबईतला इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार, लॅमिंग्टन रोड गाठतात, ठाण्याहून दादरला गाडी बदलून ग्रँट रोड, नवी मुंबईवाले कुर्ल्याला बदलून पुढे तसंच. वायर १८ किंवा १६ एडब्ल्यूजी (जाडीचं अमेरिकन माप, आकडा लहान तशी वायर जाड) लागते. इलेक्ट्रिकलच्या दुकानात ती स्क्वेअर एमएममध्ये मिळते आणि पाऊण एमएम ही १८ पेक्षा किंचित बारीक पडते, तेव्हा एक एमएम मागावी, फक्त इन्सुलेशनसकट जाडी टर्मिनलच्या, म्हणजे वायरीच्या टोकाला दाबून बसवायच्या धातूच्या पिनच्या, पंखांत मावते का ते बघून. टोक सोलून चाकूने खरवडून बघायचं, तांब्याखाली पांढरं दिसलं तर ते ॲल्युमिनियम आहे, ती वायर इथे नको. स्लीव्हसाठी पीईटी प्लास्टिकची जाळी किंवा ५५० पॅराकॉर्ड ही नायलॉनची दोरी, जिच्या आतले दोरे उपसून फक्त साल वापरतात. ट्रेकिंगचं सामान विकणाऱ्यांकडे विचारून बघायला हरकत नाही.

काम सुरू करण्याआधी स्विच बंद, मेन वायर काढलेली आणि पीसीचं बटण एकदा दाबून उरलेला चार्ज उतरवलेला. पीएसयूचा डबा मात्र उघडायचाच नाही, आतल्या मोठ्या कपॅसिटरवर ३०० व्होल्टच्या वर डीसी असतो आणि प्लग काढल्यावरही तो काही वेळ टिकू शकतो. नॉन-मॉड्युलर असेल तर बाहेरच्या टोकाकडूनच स्लीव्ह चढवायची.

टर्मिनलला दोन बाजूंना बारीक काटे असतात, पिन रिमूव्हरने किंवा स्टेपलरच्या दोन पिनांनी ते दोन्ही एकदम दाबले की वायर मागून निसटते. घाईत एकच दाबून ओढलं तर टर्मिनल वाकतं. परत घालताना काटे पुन्हा बाहेर काढायचे आणि बसवल्यावर वायर हलकेच ओढून बघायची. एका वेळी एकच वायर काढा, स्लीव्ह करा, जागेवर घाला, कारण हल्लीच्या केबल्स सगळ्या काळ्या असतात. पूर्ण नवी केबल बनवत असाल तर मूळ केबलवरून पिन टू पिन मॅप काढायचा. इथे लोक एक टोक वायरीकडून आणि दुसरं तोंडाकडून बघतात आणि सगळा नकाशा आरशासारखा उलटा होतो. २४ पिनमध्ये १३ नंबरला बऱ्याचदा दोन वायरी एकाच टर्मिनलमध्ये क्रिंप केलेल्या (दाबून बसवलेल्या) दिसतात, त्यातली बारीक सेन्सची असते, पीएसयू तिच्यावरून ३.३ व्होल्ट सांभाळतो, ती जास्तीची म्हणून कापू नये.

झाल्यावर मल्टीमीटर बझरवर ठेवून प्रत्येक पिन तपासायची, शेजारच्या पिनांशी पण. मग काहीही न जोडता हिरवीच्या आणि काळीच्या जागेवरच्या पिना शॉर्ट करून पीएसयू चालू करायचा आणि व्होल्टेज मोजायचं: पिवळीच्या जागी ११.४ ते १२.६, लालच्या जागी ४.७५ ते ५.२५.

एवढं नको असेल तर एक्स्टेंशन केबल घ्यावी. ती मूळ केबलच्या पुढे जोडतात त्यामुळे पीएसयूकडच्या पिनआउटचा, म्हणजे कुठल्या पिनला काय आहे याचा, प्रश्नच येत नाही, एक सांधा वाढतो एवढंच. ८ पिन ग्राफिक्स कनेक्टरला हे चालून जातं, तिथे १५० वॅट तीन पिनांत वाटले जातात, म्हणजे पिनमागे सव्वाचार अँपिअरच्या आत. नव्या कार्डांचा १६ पिनचा कनेक्टर ६०० वॅटपर्यंत जातो, सहा पिनांत ५० अँपिअर, पिनमागे आठच्या वर, आणि तो अर्धवट बसला तर वितळतो. तिथे एक्स्टेंशनही नको आणि घरी क्रिंप केलेली केबलही नको, पीएसयूबरोबर आलेली काळी केबलच राहू द्यावी.