‘नेटिव्ह’: जुन्या वर्तमानपत्रांतला बहुरूपी

एकोणिसाव्या शतकातली इंग्रजी वर्तमानपत्रं चाळायला घेतली की ‘नेटिव्ह’ हा शब्द पानोपानी भेटतो. आपल्या कानाला तो गोऱ्या साहेबाने नाक मुरडून उच्चारलेलाच ऐकू येतो. म्हणून लंडनच्या एखाद्या जुन्या अंकात ‘नेटिव्हज’ विकायला असल्याची जाहिरात दिसली तर क्षणभर काळजात चर्र होतं. पण ती असतात कालवं! केंटच्या किनाऱ्यावर, व्हिटस्टेबलच्या परिसरात वाढलेली. तिथलीच म्हणून ‘नेटिव्ह’, आणि म्हणूनच भाव चढा.

मूळ लॅटिन ‘नातुस’, म्हणजे जन्मलेला. मात्र मध्ययुगीन इंग्लंडच्या कायद्यात ‘नातिवुस’ म्हणजे जन्मानेच जमीनदाराला बांधलेला वेठकरी. म्हणजे हीनपणाचा वास या शब्दाला हिंदुस्थानात पाय ठेवण्यापूर्वीच होता. गंमत अशी की ‘व्हर्नाक्युलर’चं कुळही तेच. ‘व्हेर्ना’ म्हणजे मालकाच्या घरात जन्मलेला गुलाम. लॉर्ड लिटनने 1878 मध्ये देशी भाषांतल्या वर्तमानपत्रांना वेसण घालणारा कायदा आणला, तो याच नावाने.

अमेरिकेत 1840 च्या दशकात चित्र अगदी उलटं. तिथल्या बातम्यांतले ‘नेटिव्ह अमेरिकन’ म्हणजे तिथेच जन्मलेले गोरे प्रोटेस्टंट. आयर्लंडहून येणारे कॅथलिक त्यांच्या डोळ्यांत खुपत होते. 1844 मध्ये फिलाडेल्फियात दंगली होऊन कॅथलिक चर्च जाळली गेली, ती या गटाच्या चिथावणीतून. आज हा शब्द ज्या मूलनिवासींसाठी वापरतात, त्यांचा इथे काहीच संबंध नाही.

आपल्याकडे ‘नेटिव्ह इन्फन्ट्री’, ‘नेटिव्ह स्टेट’, ‘नेटिव्ह ख्रिश्चन’ ही बरीचशी दप्तरी वर्गवारी होती. 1883 मध्ये इल्बर्ट बिल आलं, हिंदी न्यायाधीशांपुढे गोऱ्या आरोपींचे खटले चालवण्याची गोष्ट निघाली, आणि अँग्लो-इंडियन, म्हणजे इथल्या गोऱ्यांच्या, पत्रांत हा शब्द दात-ओठ खाऊन छापला जाऊ लागला.

त्याआधी आपल्याच लोकांनी तो बिनदिक्कत मिरवला होता, हे मला जास्त रोचक वाटतं. आजचं पुणे नगर वाचन मंदिर 1848 मध्ये निघालं ते ‘पूना नेटिव्ह जनरल लायब्ररी’ म्हणून. विश्वनाथ नारायण मंडलिकांनी 1864 मध्ये मुंबईत पत्र काढलं, त्याचं नावच ‘नेटिव्ह ओपिनियन’. मजकूर इंग्रजीत आणि मराठीतही. ‘नेटिव्हांचं मत’ असं मथळ्यावर छापायचं म्हणजे नेटिव्हांना मत असतं हे साहेबाला आधी ऐकवायचं. मंडलिक कायदेपंडित, शब्द निवडताना त्यांना हे कळलं नसेल असं वाटत नाही.

सरकारही कान देऊन होतं. देशी पत्रांतल्या मजकुराचे इंग्रजी उतारे काढून ‘रिपोर्ट ऑन नेटिव्ह पेपर्स’ या गोपनीय अहवालातून वरिष्ठांकडे जात. कित्येक मराठी पत्रांचे मूळ अंक आज हाती लागत नाहीत. त्यांत काय छापलं होतं ते पाळत ठेवणाऱ्यांच्या या अनुवादातूनच कळतं.

दक्षिण आफ्रिकेत हा शब्द 1913 च्या ‘नेटिव्हज लँड ॲक्ट’मध्ये शिरला आणि कृष्णवर्णीयांसाठी देशातली जेमतेम सात टक्के जमीन उरली. तिथे त्याचा डंख आजही गेलेला नाही.

मुंबईत मात्र फॉर्मवर ‘नेटिव्ह प्लेस’चा रकाना आला की आपण निमूटपणे चिपळूण नाहीतर सातारा लिहितो, आणि मे महिन्यात शेजारचं दार बंद दिसलं तर कोणीतरी सांगतं, “ते नेटिव्हला गेलेत.”